ओपनएसएसएलमधल्या सुरक्षा-त्रुटींचा माग कसा ठेवायचा: नव्यांसाठी पायरीपायरीने

“ओपनएसएसएलमध्ये नवीन त्रुटी निघाली म्हणे, आपल्याला लागू आहे का?” ओपनएसएसएल म्हणजे इंटरनेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणारी लायब्ररी, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी येतो. नवीन माणूस लगेच टर्मिनल उघडतो, आवृत्ती बघतो, बातमीतल्या आकड्याशी ताडून पाहतो आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगून मोकळा होतो. हे उत्तर दोन्हीकडून चुकू शकतं. पॅच लागलेला सर्व्हर धोक्यात दिसतो, आणि उघडा पडलेला सर्व्हर सुरक्षित वाटतो. आवृत्तीचा आकडा म्हणजे चौकशीची सुरुवात. खरे प्रश्न त्यानंतरचे आहेत: लायब्ररीची कोणती प्रत, ती कुणी दुरुस्त केली, आणि चालू असलेला प्रोग्राम नेमकी कोणती प्रत वापरतोय.

मी हे काम शिकत होते तेव्हा ही माहिती दहा ठिकाणी विखुरलेली मिळाली. ती इथे एका क्रमाने मांडते. उदाहरण ओपनएसएसएलचं घेतलं आहे, कारण वेबसर्व्हर, डेटाबेस, व्हीपीएन, मेलसर्व्हर यांतलं काही ना काही तिच्यावर उभं असतंच. एरिक यंग आणि टिम हडसन यांच्या एसएसएलईएवाय या लायब्ररीतून १९९८ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. आज त्यात दोन मुख्य भाग आहेत: टीएलएस (म्हणजे जोडणी कूटबद्ध करण्याचा नियमसंच) सांभाळणारी लिबएसएसएल आणि खुद्द क्रिप्टोग्राफी करणारी लिबक्रिप्टो. हे दोन भाग लक्षात ठेवा. बरेच प्रोग्राम फक्त लिबक्रिप्टो वापरतात, त्यामुळे ‘आमच्याकडे टीएलएस नाही’ एवढ्यावर सुटका होत नाही.

एक सूचना: आज्ञा मी उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांतच द्यायच्या.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- सगळ्या सर्व्हरांची, कंटेनर इमेजची आणि विकत घेतलेल्या उपकरणांची यादी. अर्धवट असली तरी चालेल, पण लेखी हवी.
- त्या सर्व्हरांवर निदान वाचण्यापुरता प्रवेश, आणि चालू प्रोसेस बघण्यासाठी रूटचे अधिकार.
- प्रत्येक सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची आवृत्ती.
- टीएलएस सर्टिफिकेट कुठे कुठे आहेत, कुणाकडून घेतली आणि नवीन कशी मागवायची याची टिपणी.
- ट्रिव्ही किंवा ग्राइप यांपैकी एक त्रुटी शोधणारा स्कॅनर, आणि घटकांची यादी म्हणजे एसबॉम बनवायला सिफ्ट. तिन्ही मोफत आहेत.
- एक साधी स्प्रेडशीट. तिचं काम शेवटी येईल.

१. ओपनएसएसएल कुठे कुठे आहे ते आधी शोधा

‘ओपनएसएसएल व्हर्जन -ए’ ही आज्ञा दिली की आवृत्ती आणि बांधणीची तारीख दिसते. पण हे उत्तर फक्त त्या आज्ञेपुरतं आहे. त्याच मशीनवर दुसऱ्या तीन प्रती असू शकतात, आणि बहुतेकदा असतातच.

सिस्टिमचं पॅकेज ही पहिली प्रत. ती बघायला डेबियन-उबुंटूवर ‘डीपीकेजी -एल’ आणि रेड हॅटच्या कुळात ‘आरपीएम -क्यूए’ वापरा. फक्त ओपनएसएसएल नावाचं पॅकेज बघून थांबू नका, लायब्ररीचं पॅकेज वेगळं असतं: डेबियनवर त्याचं नाव लिबएसएसएल३ किंवा लिबएसएसएल१.१ असं काहीसं दिसेल, रेड हॅटवर ओपनएसएसएल-लिब्ज.

मग प्रोग्रामिंग भाषांनी स्वतःबरोबर आणलेल्या प्रती. नोड-जेएस आपलं ओपनएसएसएल पोटातच घेऊन येतं. ‘नोड -पी प्रोसेस.व्हर्जन्स.ओपनएसएसएल’ असं विचारलं की ते सांगतं. पायथनमध्ये तर दोन वेगळी उत्तरं मिळतात. त्याचं अंगभूत एसएसएल मॉड्यूल साधारणपणे सिस्टिमची लायब्ररी वापरतं. पण पिपने बसवलेलं ‘क्रिप्टोग्राफी’ हे पॅकेज तयार व्हीलमधून (म्हणजे आधीच बांधून ठेवलेल्या पॅकेजमधून) आलं असेल तर त्यात ओपनएसएसएल आधीच गोठवलेलं असतं. म्हणजे सिस्टिम अपडेट केली तरी हे पॅकेज जुन्याच प्रतीवर चालत राहतं. पोस्टग्रेससाठीचं ‘सायकोपीजी२-बायनरी’ हे पॅकेजही असंच आपली प्रत घेऊन येतं. ही गोष्ट मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगते, कारण स्कॅनरचा अहवाल हिरवा असूनही इथेच गाठ पडते.

तिसरा प्रकार सर्वांत त्रासाचा: लायब्ररी प्रोग्राममध्येच स्टॅटिक पद्धतीने जोडलेली. तिथे वेगळी फाइल सापडत नाही. अशा बायनरीवर ‘स्ट्रिंग्ज’ चालवून ‘ओपनएसएसएल १.’ किंवा ‘ओपनएसएसएल ३.’ हा मजकूर शोधा. आवृत्तीची ओळ बहुधा आत तशीच सापडते. विंडोजवर डीएलएल फाइलींच्या नावांवरून अंदाज येतो. लिबक्रिप्टो-३ दिसलं तर ती तिसरी मालिका. लिबईएवाय३२ आणि एसएसएलईएवाय३२ ही नावं दिसली तर ती १.०.२ किंवा त्याहून जुनी, म्हणजे तातडीने लक्ष घालण्यासारखी बाब.

कंटेनर विसरू नका. यजमान मशीनवर अपडेट केल्याने कंटेनरमधली लायब्ररी बदलत नाही, ती इमेज नव्याने बांधावी लागते.

आणि जिथे ओपनएसएसएल नाही तिथे ते शोधत बसू नका. गो भाषेची स्वतःची क्रिप्टो लायब्ररी आहे, जावाचीही स्वतःची आहे. २०१४ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी लिबरएसएसएल आणि गूगलने बोरिंगएसएसएल असे ओपनएसएसएलच्या कोडवरून दोन फाटे, म्हणजे वेगळ्या लायब्ररी, काढले. मॅकवर ‘ओपनएसएसएल’ ही आज्ञा दिली तर मुळात लिबरएसएसएल उत्तर देतं. या फाट्यांना ओपनएसएसएलची प्रत्येक त्रुटी लागू होत नाही, आणि त्यांच्या काही त्रुटी त्यांच्यापुरत्याच असतात.

२. तुमची प्रत कोणत्या मालिकेतली आहे ते ठरवा

ओपनएसएसएलच्या आकड्यांची पद्धत मध्ये बदलली. १.१.१ पर्यंत दुरुस्ती झाली की शेवटचं अक्षर पुढे सरकायचं: १.१.१के, १.१.१एल, असं करत १.१.१डब्ल्यू. २ आकड्याची मालिका आलीच नाही. ७ सप्टेंबर २०२१ ला ३.० आलं आणि तेव्हापासून ३.०.७, ३.०.८ असे आकडे चालतात.

मालिका कळली की तिची मुदत बघा. १.०.२ चं सार्वजनिक पाठबळ २०१९ च्या ३१ डिसेंबरला संपलं, १.१.१ चं ११ सप्टेंबर २०२३ ला. ३.० ही दीर्घ मुदतीची मालिका असून तिची मुदत ७ सप्टेंबर २०२६ आहे. त्यानंतरची दीर्घ मुदतीची मालिका ३.५ ही ८ एप्रिल २०३० पर्यंत. मधल्या ३.१, ३.२, ३.३ या मालिकांना साधारण दोनच वर्षं मिळतात, त्यामुळे नवीन काम सुरू करताना त्यांच्यावर घर बांधू नका.

मुदत संपलेल्या मालिकेबाबत एक सापळा आहे. नव्या त्रुटीच्या सूचनापत्रात तुमची मालिका दिसली नाही, तर ती सुरक्षित आहे असा अर्थ काढू नका. पाठबळ संपलेल्या मालिका बहुधा तपासल्याच जात नाहीत. कधी १.०.२ चा उल्लेख असतो आणि पुढे ‘१.०.२झेडडी’सारखी आवृत्ती दिलेली असते. ही आवृत्ती पैसे भरून विस्तारित पाठबळ घेणाऱ्यांनाच मिळते. ती इंटरनेटवर शोधत बसू नका, आणि कुठे ‘मोफत’ सापडली तर अजिबात बसवू नका.

३. बातमी मुळातून घ्या

सूचना मिळण्याच्या जागा मोजक्या ठेवा. माझ्या मते चार पुरतात.

पहिली, ओपनएसएसएलची स्वतःची घोषणा-यादी आणि त्यांच्या संकेतस्थळावरचं त्रुटींचं पान. त्या पानावर प्रत्येक त्रुटी, कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत लागू आणि कुठे दुरुस्त झाली, हे सगळं मिळतं. दुसरी, तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सुरक्षा-ट्रॅकर: डेबियन, उबुंटू, रेड हॅट, आल्पाइन या सगळ्यांचे आहेत. तिसरी, नोड किंवा पायथनच्या पॅकेजांसारख्या ठिकाणी आत बसलेल्या प्रतींसाठी त्या त्या प्रकल्पाच्या सुरक्षा-घोषणा. चौथी, भारतात काम करत असाल तर सर्ट-इन. ही केंद्र सरकारची यंत्रणा त्रुटींची टिपणं ‘सीआयव्हीएन’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाने काढते. ती मूळ घोषणेनंतर येतात. पण लेखापरीक्षक बहुधा त्याच क्रमांकाने प्रश्न विचारतात, म्हणून ती आपल्या नोंदीत जोडून ठेवा.

अमेरिकेच्या निस्ट संस्थेचा एनव्हीडी हा कोश शोधायला सोयीचा आहे. पण २०२४ च्या सुरुवातीपासून तिथे नोंदींचं विश्लेषण तुंबायला लागलं. केवळ त्याच्या भरवशावर राहिलात तर बातमी उशिरा कळेल किंवा अर्धवट कळेल.

त्रुटीची ओळख म्हणजे सीव्हीई क्रमांक. सीव्हीई-२०१४-०१६० यातला पहिला आकडा वर्षाचा. ते वर्ष क्रमांक राखून ठेवल्याचं किंवा त्रुटी जाहीर झाल्याचं असतं, त्यामुळे त्यावरून त्रुटी किती जुनी आहे ते ठरवू नका. हा हार्टब्लीड या गाजलेल्या ओपनएसएसएल त्रुटीचा क्रमांक, आणि हार्टब्लीडचा कोड १.०.१ बरोबर मार्च २०१२ पासूनच जगभर पसरलेला होता.

गंभीर त्रुटी असेल तर ओपनएसएसएल आधी केवळ तारीख आणि गांभीर्य सांगतं, तपशील सांगत नाही. २५ ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, अशी घोषणा झाली: मंगळवार, १ नोव्हेंबरला ३.०.७ येईल, त्यात क्रिटिकल दुरुस्ती आहे, वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार १३ ते १७. भारतीय वेळेत हे संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा. कोण जागं राहणार, कोणाला फोन करायचा, हे त्या आठवड्यात ठरवायचं असतं. आणि तेवढ्या अवधीत पहिल्या पायरीची यादी पूर्ण करून घ्यायची. तपशील नसतानाही ‘आपल्याकडे ३.० मालिका कुठे आहे’ हा प्रश्न सोडवता येतोच.

४. सूचनापत्र सावकाश वाचा

हल्लीच्या सूचनापत्रांत आधी त्रुटीचा सारांश, मग परिणामाचा सारांश, मग तपशील, मग बाधित आवृत्त्या आणि दुरुस्त आवृत्त्या असा क्रम असतो. लोक पहिली ओळ वाचतात आणि शेवटच्या आवृत्त्यांवर उडी मारतात. मधला तपशील वाचलात तर निम्मं काम तिथेच होतं.

ओपनएसएसएलची गांभीर्याची स्वतःची चार पायऱ्यांची पद्धत आहे: क्रिटिकल, हाय, मॉडरेट आणि लो. क्रिटिकल आणि हाय त्रुटी गुप्त ठेवून त्यांच्यासाठी खास आवृत्ती काढली जाते. मॉडरेट पुढच्या ठरलेल्या आवृत्तीपर्यंत थांबते. लो असेल तर दुरुस्ती थेट उघड्या कोडमध्ये जाते, आणि तिच्यासाठी नवी आवृत्ती लगेच येईलच असं नाही. म्हणजे लो त्रुटीच्या बाबतीत सीव्हीई जाहीर आहे, दुरुस्ती गिटमध्ये आहे, पण उतरवून घ्यायला आवृत्तीच नाही, असे काही आठवडे जाऊ शकतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नोंद करा आणि वाट बघा.

बाहेरचे स्कॅनर मात्र सीव्हीएसएस गुणांक, म्हणजे त्रुटीच्या गांभीर्याचा ० ते १० मधला आकडा, दाखवतात. तो गुणांक ओपनएसएसएल देत नाही, दुसरं कुणीतरी देतं. हार्टब्लीडला जुन्या दुसऱ्या आवृत्तीच्या पद्धतीने एनव्हीडीने ५.० गुण दिले होते, म्हणजे मध्यम. त्याच हार्टब्लीडने कुणीही दूर बसून एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतले ६४ किलोबाइटपर्यंतचे तुकडे वाचू शकत होतं, पुन्हा पुन्हा, आणि लॉगमध्ये मागमूसही न ठेवता. उलट सीव्हीई-२०२४-५५३५ ला ओपनएसएसएलने लो म्हटलं, आणि नोंदीला जोडलेला सीव्हीएसएस गुणांक ९.१ आहे. त्यामुळे डॅशबोर्डवर लाल दिसलं म्हणून रात्री सगळं बंद पाडू नका, आणि पिवळं दिसलं म्हणून झोपूही नका. मूळ सूचनापत्रातलं गांभीर्य, तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेलं गांभीर्य आणि तुमचा स्वतःचा वापर, या तिन्हींवरून ठरवा.

वर सांगितलेल्या नोव्हेंबर २०२२ च्या त्रुटी म्हणजे सीव्हीई-२०२२-३६०२ आणि सीव्हीई-२०२२-३७८६. सर्टिफिकेटमधल्या ईमेल पत्त्याचं प्युनीकोड (इंग्रजीबाहेरची अक्षरं साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) उलगडताना बफर, म्हणजे त्यासाठी राखलेली मेमरी, ओलांडला जात होता. पहिल्या त्रुटीत स्टॅकवर (प्रोग्रामच्या तात्पुरत्या मेमरीत) चार बाइट बाहेर जायचे. आठवडाभर क्रिटिकल म्हणून गाजलेली ही त्रुटी प्रत्यक्ष जाहीर होताना हाय झाली. कारण बऱ्याच प्लॅटफॉर्मवर स्टॅकचं संरक्षण असतं, आणि काही लिनक्सवर ते चार बाइट अजून न वापरलेल्या शेजारच्या जागेत पडत होते. शिवाय बाधित होती फक्त ३.०.० ते ३.०.६. ज्यांच्याकडे १.१.१ होतं त्यांना काही करायचंच नव्हतं. नोड १८ मध्ये तिसरी मालिका होती, नोड १६ मध्ये १.१.१. एकाच कंपनीतल्या दोन अ‍ॅपांना एकाच दिवशी दोन वेगळी उत्तरं मिळत होती.

याहून अरुंद उदाहरणही आहे. सीव्हीई-२०२२-२२७४ ही फक्त ३.०.४ या एकाच आवृत्तीत होती, आणि तीही एव्हीएक्स५१२-आयएफएमए सूचना असलेल्या प्रोसेसरवर २०४८ बिटची आरएसए की वापरताना. ३.०.३ वर थांबलेल्यांना तिचा धोका नव्हता. म्हणून ‘क्ष पेक्षा जुनं ते सगळं बाधित’ असं गृहीत धरू नका. सुरुवात आणि शेवट, दोन्ही टोकं वाचा. हार्टब्लीडच्या वेळीही ०.९.८ वर अडकून पडलेले जुने सर्व्हर वाचले होते, कारण हार्टबीटचा (जोडणी अजून चालू आहे का ते विचारण्याच्या सोयीचा, जिथे ही त्रुटी होती) कोड त्यांच्यात नव्हताच.

५. मूळ आवृत्ती आणि पॅकेजचा क्रमांक यांत गल्लत करू नका

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा सविस्तर.

डेबियन, रेड हॅट यांसारखी लिनक्स वितरणं सहसा नवीन आवृत्ती आणत नाहीत. ती जुन्याच आवृत्तीवर नेमकी तेवढी दुरुस्ती चढवतात आणि पॅकेजच्या क्रमांकाचं शेपूट बदलतात. हार्टब्लीड मूळ प्रकल्पात १.०.१जी मध्ये दुरुस्त झालं. रेड हॅट ६.५ वर मात्र दुरुस्त पॅकेज होतं १.०.१ई-१६.ईएल६_५.७. त्यावर ‘ओपनएसएसएल व्हर्जन’ विचारलं तर उत्तर यायचं १.०.१ई, म्हणजे पुस्तकी हिशोबाने बाधित! केवळ पुढचा आकडा बघणारे स्कॅनर आजही असेच फसतात. रेड हॅट ८ वर १.१.१के दिसतं. मूळ प्रकल्पात १.१.१ संपलं असलं, तरी रेड हॅट त्यावर स्वतः दुरुस्त्या चढवत आहे, आणि तिथली देखभाल २०२९ पर्यंत आहे.

म्हणून पडताळणी अशी करा. ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग ओपनएसएसएल-लिब्ज’ चा मजकूर, म्हणजे पॅकेजमधल्या बदलांची नोंद, काढा आणि त्यात सीव्हीई क्रमांक शोधा. डेबियन-उबुंटूवर ‘अ‍ॅप्ट चेंजलॉग’ हेच काम करतं. मग वितरणाच्या ट्रॅकरवर तो सीव्हीई उघडून ‘कोणत्या पॅकेज क्रमांकात दुरुस्त’ हे ताडून बघा. दोन्ही जुळलं की त्या पानाचा पुरावा नोंदीत ठेवा. लेखापरीक्षकाला चेंजलॉगची ती एक ओळ दाखवली की बहुतेक वाद तिथेच मिटतो.

उलट दिशेचं उदाहरण जास्त गंभीर आहे. डेबियनने सप्टेंबर २००६ मध्ये आपल्या पॅकेजात एक बदल केला आणि त्यामुळे यादृच्छिक संख्या बनवताना प्रोसेसचा क्रमांक सोडून जवळपास काहीच अनिश्चित उरलं नाही. १३ मे २००८ ला डीएसए-१५७१ या सूचनेने ते उघड झालं, सीव्हीई-२००८-०१६६. मूळ ओपनएसएसएलमध्ये ही त्रुटी कधीच नव्हती. त्यामुळे जो माणूस केवळ मूळ प्रकल्पाच्या घोषणा वाचत होता, त्याला ती तिथे दिसणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या पायरीत वितरणाचा ट्रॅकर आवर्जून सांगितला तो याच कारणासाठी.

६. तुमच्या वापराला लागू आहे का ते ठरवा

बाधित आवृत्ती सापडली, पॅच लागलेला नाही. आता तुमचा प्रोग्राम तो कोड वापरतो का ते बघा.

सीव्हीई-२०२२-०७७८ घ्या. मार्च २०२२ मधली ही त्रुटी, गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी शोधलेली. मुद्दाम बिघडवलेलं लंबवर्तुळी वक्राचं सर्टिफिकेट वाचताना वर्गमूळ काढणारं फंक्शन अनंत फेऱ्यांत अडकायचं. सर्टिफिकेटची सही तपासण्याआधीच हे घडायचं, म्हणजे हल्लेखोराला खरं सर्टिफिकेट असण्याचीही गरज नव्हती. आता विचार करा: साधा वेबसर्व्हर ग्राहकाकडून सर्टिफिकेट मागतच नाही, त्याचा धोका बराच कमी. पण तोच सर्व्हर बाहेरच्या एपीआयला जोडला जात असेल, तर तिथे तो स्वतः ग्राहक असतो आणि समोरच्याचं सर्टिफिकेट वाचतो. परस्पर प्रमाणीकरण (दोन्ही बाजूंनी सर्टिफिकेट दाखवणं) वापरणारे बँकेचे दुवे, लोकांनी अपलोड केलेली सर्टिफिकेट तपासणारी पोर्टल, हे सगळे थेट टप्प्यात. आपण सर्व्हर चालवतो म्हणून आपण फक्त सर्व्हर आहोत, ही समजूत सोडा.

‘लागू नाही’ असं ठरवलंत तर कारण एका वाक्यात लिहा. ‘आम्ही वापरत नाही’ हे कारण पुरेसं नाही. ‘या सेवेत ग्राहक-सर्टिफिकेट बंद आहे, सेटिंग अमुक फाइलमध्ये, बाहेर जाणारी जोडणी नाही’ हे कारण झालं. सहा महिन्यांनी कुणी ते सेटिंग चालू केलं तर याच ओळीवरून कळेल की जुना निर्णय आता लागू नाही.

७. पॅच लावा आणि जुनी प्रत मेमरीतून काढा

पॅकेज अपडेट झालं की डिस्कवरची फाइल बदलते. आधीपासून चालू असलेला प्रोग्राम मात्र मेमरीतल्या जुन्या लायब्ररीवरच चालत राहतो, महिनोन्‌महिने. पॅकेज क्रमांक तपासणाऱ्या स्कॅनरला हे दिसत नाही.

‘एलएसओएफ’ चालवून लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टोच्या पुढे ‘डीईएल’ किंवा ‘डिलीटेड’ लिहिलेल्या प्रोसेस शोधा. डेबियन-उबुंटूवर ‘नीडरिस्टार्ट’ आणि रेड हॅटवर ‘नीड्स-रिस्टार्टिंग’ ही साधनं हीच यादी देतात. वेबसर्व्हर सगळ्यांना आठवतो. डेटाबेस, मेलसर्व्हर, मॉनिटरिंगचे एजंट आणि बॅकअपचे प्रोग्राम मात्र राहून जातात. डेटाबेस रिस्टार्ट करायला धंद्याकडून वेळ मागावा लागतो, तेव्हा ती परवानगी पॅचबरोबरच मागा, नंतर नाही. एकाच वेळी कर्नलचंही अपडेट असेल तर सरळ मशीन रीबूट करणं सोपं पडतं.

८. पॅच पुरेसा आहे का, हा प्रश्न विचारा

बहुतेक त्रुटींत पॅच आणि रिस्टार्ट झालं की काम संपतं. पण मेमरी बाहेर गळते किंवा की कमकुवत बनते अशा त्रुटींत भोक बुजवल्याने आधी गेलेलं परत येत नाही.

हार्टब्लीडनंतर क्रम असा पाळायचा होता: आधी पॅच, मग रिस्टार्ट, मग नवीन प्रायव्हेट की, मग नवीन सर्टिफिकेट, मग जुनं सर्टिफिकेट रद्द, आणि सगळ्यात शेवटी पासवर्ड आणि सेशन बदल. हा क्रम उलटा झाला तर नवीन की किंवा नवीन पासवर्डसुद्धा त्याच भोकातून गळतो. आणि सर्टिफिकेट नवीन पण की जुनीच, असं केलं तर काहीच साधत नाही. अनेक पॅनेलवर ‘रिन्यू’ दाबलं की जुनीच की पुन्हा वापरली जाते, त्यामुळे की खरोखर बदलली का ते सार्वजनिक कीचा ठसा ताडून बघा.

डेबियनच्या त्रुटीत तर याहून पुढचं काम होतं. त्या सुमारे वीस महिन्यांत डेबियन किंवा उबुंटूवर बनवलेली एसएसएच की कुणी दुसऱ्याच सिस्टिमवर नेऊन ठेवली असेल, तर ती सिस्टिमही उघडी पडत होती, तिथे डेबियनचा मागमूस नसताना. शक्य कीज एका प्रकारासाठी जेमतेम ३२ हजारांच्या घरात होत्या, म्हणजे सगळ्या आधीच बनवून ठेवता येत होत्या. की कुठे जन्मली याची नोंद ज्यांच्याकडे होती, त्यांनाच तेव्हा नेमकं उत्तर देता आलं.

त्रुटीचा गैरवापर होऊन घुसखोरी झाल्याचं दिसलं तर भारतातल्या संस्थांसाठी सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश लागू होतात. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं, आणि लॉग १८० दिवस जपायचे. नुसती त्रुटी सापडणं आणि घटना घडणं यांत फरक आहे, तरी ६ तासांत फॉर्म शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून तो आधीच भरून बघा.

९. नोंदवही

स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक सीव्हीई आणि एक जागा. रकाने: सीव्हीई क्रमांक, बातमी कळल्याची तारीख, ओपनएसएसएलने दिलेलं गांभीर्य, सर्व्हर किंवा इमेज, प्रतीचा प्रकार (सिस्टिम, आत बसवलेली की स्टॅटिक), पॅकेजचा पूर्ण क्रमांक, लागू आहे की नाही आणि कारण, पॅचची तारीख, रिस्टार्टची तारीख, कीज बदलल्या का, सर्ट-इनचा क्रमांक, ठरवणाऱ्याचं नाव.

पॅच आणि रिस्टार्ट हे दोन वेगळे रकाने ठेवा. एकत्र केलेत तर दुसरं राहून जातं. काम वाढलं की सायक्लोनडीएक्स किंवा एसपीडीएक्स या साच्यांत एसबॉम बनवा आणि स्कॅनरला तोच खायला घाला. पण सुरुवात स्प्रेडशीटनेच करा, कारण ‘लागू नाही, कारण...’ हा रकाना कुठलाही स्कॅनर तुमच्यासाठी भरत नाही.

१०. तुम्हालाच त्रुटी सापडली तर

कधी पॅच तपासताना काहीतरी वेगळंच दिसतं: विचित्र क्रॅश, किंवा चुकीचं असूनही स्वीकारलं गेलेलं सर्टिफिकेट. ते गिटहबवर सगळ्यांसमोर टाकू नका, आणि कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप गटातही नको. ओपनएसएसएलच्या सुरक्षा-धोरणाच्या पानावर खासगीत कळवण्याचा पत्ता दिलेला आहे. आवृत्ती, प्लॅटफॉर्म, बांधणीचे पर्याय, त्रुटी पुन्हा घडवून दाखवणारा कमीत कमी कोड आणि तुमच्या मते होणारा परिणाम, एवढं पाठवा. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, कोड नेमका हवा. त्रुटी वितरणाच्या पॅकेजापुरती आहे असं वाटलं तर आधी मूळ आवृत्ती स्वतः बांधून तीच चाचणी करा. तिथे घडली नाही तर पत्र ओपनएसएसएलला नाही, त्या वितरणाच्या सुरक्षा-पथकाला जायला हवं.